चाकातली खरखर

हे खरं मानून दाखव बरं बाई, तुह्यात दम असन तर.

माह्या पोरानं कापसाच्या वावरातल्या चिखलात फसू नये म्हणून चारी चाकाईले जोर लागणारी जुनी गाडी घेतली. सून पहिलेच म्हने, "जुनी नका घेऊ." अन् ती गाडी जराशी वळली का खरखर करे, जात्यात खडे दळल्यावानी. पोराले भाकर गोड लागे ना. सुनेले कळू न देता गाडी इकतो म्हने. त्याच्याआधी मले घेऊन आदिलाबादले मिस्त्रीकडं गेला.

मिस्त्री म्हने, "अम्मा, आवाज कुठून येते?"

"माह्या गुडघ्यातून. पण तू गाडीच पाय."

त्यानं मागच्या चाकाईले फिरवणारा दांडा काढून गाडी चालवली. खरखर तशीच.

"मंग मागचं सामान चांगलं हाय," म्हने, अन् पुढचं चाक खोललं. ब्रेकच्या पत्र्यात नारळाच्या करवंटीचा तुकडा! गाडीच्या पूजेच्या दिवशी सुनेनं राग सोडून चाकावरच नारळ आपटला व्हता.

मले वाटलं, आता पोरगा घरी जाऊन तिले लय बोलते. मी बी मजा पाहाले तयार व्हती. पण त्यानं तुकडा नालीत फेकला.

दारातच सुनेनं इचारलं, "काय निघालं वो?"

"दगड. रस्त्यावरचा."

माह्या पोटात गोष्ट राहत नाही, तुले माहीत हाय. तरी मी गप बसली. नवऱ्याचं असं खोटं माह्या वाट्याले कधी आलं नाही, बाई.

सून इकडंच येऊन राह्यली. तिच्यापुढं हसशीन तू, जाय आता.