ताडपत्री उचलायच्या आधी

सन्माननीय अध्यक्ष महोदया, विद्यापीठातून आलेले मंचावरचे पाहुणे, आज आपला निरोप घेणारे संचालक अश्वजित सर, आणि पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेली बोरी अरबची मंडळी, सगळ्यांना मैनाबाईचा जय भीम. मले अक्षर येत नाही. वाचून राह्यली ती माझी नातसून राखी, बोलणारी मी. मी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसली आहे. काहून, ते सांगते.

हे केंद्र म्हणजे आपली जुनी कापसाची जिनिंग. मी जिथं तीस वर्षं सरकी ओढली, तिथं सरांनी पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांपासून, इंधन अन् खत करणारी प्रयोगशाळा उभी केली. आम्ही चुलीत घातली त्या पऱ्हाटीवर आता पोरी डॉक्टर होतात. सर चार वर्षं राबले. जावई एवढा टिकत नाही.

आता पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ नको, म्हणून कोठीवाल्या राजकुमारनं या शेडमधल्या पऱ्हाटीच्या भुशाच्या ढिगावर पंधरा दिवस पाणी मारलं अन् वरून ताडपत्री टाकली. ओला भुसा दाबून ठेवला की आतून तापते. जिनिंगमध्ये आमची रीत होती. मशीन सुरू व्हायच्या आधी एकीनं ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा. वीस म्हणेस्तोवर ठेवता आला तर काम सुरू, नाही तर ढीग फोडायचा. आज मी सातावर काढला.

“राजकुमार, हा आतून पेटून राह्यला.”

“आजी, तापमानाचा काटा पाहा. बरोबर आहे.”

“काटा वीतभर आत आहे, बाबू. ढीग दोन पुरुष उंच आहे.”

“पाहुण्यांसमोर बारा वाजता ताडपत्री ओढून ढीग दाखवायचा आहे. मग फोडू. भोवती रांगोळी काढली ना.”

रांगोळी चांगली आहे, नाही कोण म्हणते? पण मागच्या रांगेनं जिला पाठ टेकली, त्या भिंतीपलीकडेच हा ढीग आहे. जिनिंगमध्ये एकदा माझ्या जोडीच्या जमनीनं दहावर हात काढला होता. मुकादम म्हणाला, संध्याकाळी फोडू. संध्याकाळी शेडच उरली नाही. दोन बाया गेल्या, त्या आगीनं नाही, दारात चेंगरून.

सर, राजकुमार तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, अन् उद्यापासून तुम्ही इथं नाही. आधी टँकर उभा करा, मगच ताडपत्री काढा. हवा लागली की आग भडकते. तोवर मी इथून उठत नाही.

बोलावलंत, मान दिलात, आभारी आहे. म्हातारीचं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, पण बाहेर जाऊन. आधी मागची रांग, मग पुढची. कोणी धावायचं नाही. राखी, कागद ठेव आणि दोन्ही दारं उघड.