हयातीच्या दाखल्याची रांग

नगरपालिकेच्या पेन्शन निधीची एकही वर्गणी चुकली नव्हती, तरी निधी दर वर्षी आटत होता. हयातीच्या दाखल्याच्या रांगेत निवृत्त कारकून तावातावाने बोलत होता. ऐकायला त्याच्या पुढे उभ्या असलेल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या.

"पुढच्या महिन्यापासून पेन्शनचा पाचवा हिस्सा कापणार! कोणीतरी हात मारलाय, बाई."

"पुरावा?"

"मग पैसे काय हवेत विरले?"

"तुमचं वय किती, काका?"

"एक्क्याऐंशी. अजून दोन जिने चढतो."

"आणि ते पुढे उभे आहेत ते, पाण्याचे मीटर वाचणारे?"

"चौऱ्याऐंशी. मरायचं नाव घेत नाही बेटा!"

"तुम्ही निधीच्याच टेबलावर होतात ना? माणूस किती जगेल, ते कसं धरायचात?"

"तक्ता होता. मी रुजू झालो तेव्हाचा. नगरपालिकेची वर्गणी ठरवायच्या अहवालाला दर वर्षी त्याचीच प्रत जोडायचो."

"त्यात पेन्शनर कितव्या वर्षी जायचा?"

"अडुसष्टाव्या."

कारकुनाने रांगेवरून सावकाश नजर फिरवली. मग बाईंकडून पेन मागून घेतले आणि दाखल्याच्या अर्जामागे वळणदार अक्षरात लिहिले :

"पैसे कोणी खाल्लेले नाहीत. बत्तीस वर्षे मी जुनाच तक्ता जोडला, म्हणून नगरपालिकेने निधीत कमी भरले, आणि आम्ही सगळे जिवंत आहोत."