निकेशच्या गाडीचा कॅमशाफ्ट

चंद्रपुरात स्पेअर पार्टच्या दुकानात मी ऑइल फिल्टरसाठी थांबलो होतो. माझ्यापुढं सावली गावचे एक वयस्क गृहस्थ दुकानदाराशी बोलत होते.

"पोरानं गाडीच्या इंजनात रेसिंगचा कॅमशाफ्ट टाकला होता. तो काढून दुसरा टाकाचा हाय."

"काऊन काका? पिकअप तं जबरदस्त असन."

"हाय ना. पण चालू ठेवून उभी असली का गडगडते."

"मंग हा मधला घ्या. रस्त्यावर चालवाले बरा हाय. पिकअप राह्यते, आवाजही थोडासाच."

"थोडासाही नको."

"निकेशले विचारा ना एकदा. माह्याजवळूनच नेला होता त्यानं, मोठ्या हौसेनं."

"निकेश गेला, भाऊ. होळीच्या आधी. तापानं."

"मले मालूमच नाई, काका."

"गाडी आता मीच चालवतो. अंगणात आणली का त्याची माय तो आवाज आयकते अन् ताट वाढाले उठते. मंग दारात मी दिसतो तिले."

"कंपनीचाच देतो. बिलकुल आवाज नाई येत. काकूले सांगून आले ना?"

"नाई. गाडीले हात नका लावू म्हणते ते."

"मंग देऊ का नको?"

"दे. रागावन माह्यावर. रागावू दे."