सोयाबीनची फळी

जनावरांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या निवृत्त मास्तरांचं पेपरात लक्ष नव्हतं. शेजारच्या बाकावर एक ताई धाकट्या भावाला फैलावर घेत होती. दोघांच्या पायाशी पोट फुगलेला कुत्रा आडवा पडला होता.

"तू बनवलेली अख्खी फळी खाल्ली यानं?"

"नुसता लाकडाचा भुसा गं, सोयाबीनच्या प्रथिनानं चिकटवलेला. मातीत पुरली की आपोआप कुजते."

"पोटात काय करते ते आता डॉक्टर सांगतील. आणि दुपारी त्या मोठ्या गिऱ्हाइकाला काय दाखवणार, एक्स-रे?"

"दुसरी फळी आहे ना पिशवीत."

"ती बरी सोडली यानं?"

"हुंगली आणि तोंड फिरवलं."

"का? दोन्ही एकाच मालाच्या ना?"

भावानं पिशवी बाकाखाली सरकवली.

"बोल की. सगळीकडे भाषणं ठोकतोस."

"सोयाबीनची पाण्यात फुगते, ताई. म्हणून दाखवायची तेवढी बाजारातला केमिकलचा गोंद घालून केली."

"वर छापलंय काय?"

"शंभर टक्के वनस्पतिजन्य."

मास्तरांनी पेपराचं पान उलटलं. ते उलटंच धरलेलं होतं.

"पिशवी इकडे दे."

"ताई, ऑर्डर हातची जाईल."

"जाऊ दे. घरात एकच शहाणा आहे, आणि त्यानं ती फळी नापास केलीय."