पुटपुटणंही पकडणारा पिकअप

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शाळेचा बिघडलेला माइक घेऊन एक शिक्षिकाबाई उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक जोडपं होतं आणि काउंटरवर त्यांची पेडल स्टील गिटार आडवी ठेवलेली होती.

“हिचा आवाज पकडून स्पीकरला देणारा पिकअप बदलायचाय. फक्त तारा ऐकेल असा द्या,” बायको म्हणाली.

“आत्ताचा काय ऐकतो?” दुकानदाराने विचारलं.

“सगळंच. माझा भाऊ गात होता, तर हे गिटारवर वाकून पुटपुटले, ‘आता आवर रे बाबा.’ अख्ख्या हॉलला स्पीकरमधून ऐकू गेलं. दादाने बोलणं टाकलंय.”

“लोकांनी टाळ्या वाजवल्या,” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा.”

“मग हा घ्या,” दुकानदार म्हणाला. “याच्यापुढे बोंब मारली तरी पकडणार नाही.”

“हाच द्या.”

“बघ हं,” नवरा म्हणाला. “घरी मी वाजवताना तुझं ‘वा’ही मग ऐकू यायचं नाही.”

“मी कधी म्हणते?”

“अगदी हळू म्हणतेस. स्पीकरमधून येतं, म्हणून तर कळतं.”

बायकोने नवा पिकअप काउंटरवरून परत सरकवला. मागे बाईंनी उगाच माइकची वायर गुंडाळायला घेतली.

“राहू द्या हो जुनाच,” बायको दुकानदाराला म्हणाली. “दादाची समजूत मी काढते. तसाही तो त्या दिवशी फारच लांबवत होता.”