नऊ सेकंद काळोख

सहलींच्या कचेरीत नंबर यायची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे लागले होते.

“अगं, जहाजाची सहल आहे. विमा घेऊन ठेवू.”

“कशाला?”

“ऐनवेळी जाणं रद्द झालं, तर सगळे पैसे परत मिळतात.”

“म्हणून तर नको.”

“म्हणजे?”

“पैसे परत मिळणार म्हटलं, की आदल्या दिवशी तुमचा गुडघा बरोब्बर डोकं वर काढेल. ओळखून आहे मी तुम्हाला.”

“आणि समुद्रात खरंच काही झालं म्हणजे?”

“तीस वर्षं दीपगृहाचा दिवा सांभाळलात. येणारं-जाणारं एकूण एक जहाज वहीत लिहिलंत. एकात तरी पाय ठेवलात?”

“दिवा सोडून कसा जाणार होतो?”

“आता तो आपोआप लागतो. आता कुठे घोडं अडलंय?”

“जहाजावरून कसा दिसत असेल गं आपला दिवा?”

“तेच तर बघायचंय मला. जन्मभर आतूनच बघितला.”

“लांबून ठिपक्याएवढा दिसेल. लागेल, विझेल. मग नऊ सेकंद काळोख.”

“त्या काळोखात काय करायचं?”

“काही नाही. शांतपणे मोजत राहायचं. तो येतोच.”

“मग विम्याचं काय करताय?”

“आण ते पेन इकडे. तेवढा रकाना खोडतो.”

काउंटरवरून शिंपीणबाईंचा नंबर दोनदा पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांचं मोजणं आत्ता कुठे सातावर आलं होतं.