जुनवानीचं ठेंगणं दार

— नाई नाई, त्या भितीले टेकून नका बसू सायेब, मागच्या सावनात ती अर्धी बसली, उरलेली कधी बसन सांगता येत नाई. इकडं या, खाटेवर. जानराव, थोडे सरका जी, बँकेचे सायेब घर पाहाले आले. — तुमी मातर बरे आले बाप्पा, वाकून. आमच्या या ठेंगण्या दारात नवा माणूस कपाळ आपटल्याबिगर आत येतच नाई, जावई तं लगनापासून आपटून राहिले. तं घराच्या लोनसाठी काय काय पाहाचं म्हणता? गावात राह्यलं पायजे — या जुनवानीतच राहतो. शेती पायजे — ते मागं वांगे दिसून राहिले नं, ते आमचेच, प्लांटाच्या कॉलनीतल्या, सेक्टरातल्या बाया सिंधुताईचे वांगे म्हणून नावानं घेतात. अन् घर कच्चं पायजे. आता याच्यापेक्षा कच्चं मी कुठून आणू? वर पाहा, खपरे जास्त हायेत का आभाळ जास्त हाये, ते तुमीच लिहा. पाणी आलं का आमी नवराबायको खाट घेऊन घरभर फिरतो.

काय म्हणता? हे घर पडलं? कधी पडलं? मी तं आज सकाळीच सारवलं. — कागदावर पडलं. अस्सं. कच्चं घर पाडून पक्कं बांधाले लोन देऊन झालं, म्हणून कच्चं घर आता नाई. मग मी कुठं बसून राहिली सायेब?

हां, आलं ध्यानात. ते विद्याधरभाऊचं असन. त्या लोखंडाच्या प्लांटात अकाउंटात हायेत, सेक्टर सातमंधी कंपनीचं क्वार्टर हाये, आमच्याच भंडाऱ्याकडचे. आमच्या बाजूचा जागेचा तुकडा त्यायनं घेतला, पण क्वार्टरवाल्याले गावचं लोन कोण देते? तं म्हणे, सिंधुताई, एक दिवस तुमचं घर आमचं म्हणून दाखवतो. आपल्याकडचा माणूस, नाई कसं म्हणाचं? त्यायची बायको कमलिनीबाई माझं जुनं लुगडं नेसून चुलीपुढं बसल्या — ओले लाकडं घातले बाईनं, घरभर धूर, डोळ्यांतून धारा. घर पाहाले आलेले तवाचे बँकेचे सायेब म्हणे, काय हाल आहेत बिचाऱ्यांचे. अन् त्यायची लेक नलू कंटाळली, म्हणते, मम्मी, अपने घर कब चलेंगे?  सायेब हसले, चांगले मोठ्यानं. मी पडद्याआडून ऐकून राहिली होती, मले आतच बसवलं होतं नं, शेगडीवर भरीत-भाकर करत. मग सायेबानं इचारलं, घर कोणाचं? तं शेजारीण म्हणून मीच आतून सांगतलं — विद्याधरभाऊचंच जी, बापजाद्यांपासून. ठसक्यात सांगतलं. कमलिनीबाई म्हणे, तुमी होत्या म्हणून निभावलं, अन् कूकर देला मले. त्याची शिटी वाजत नाई, पण देला.

तो पाहा तिकडं, त्यायचा बंगला. नाव ठेवलं पर्णकुटी. भाड्यानं देला, हे अजून सेक्टरातच राहतात. — मले वाईट वाटते का? वाटते नं, कावून नाई वाटणार? पावसाळा तोंडावर आला. जानरावले मी भितीकडून झोपू देत नाई, मी झोपते तिकडून, अन् जरा माती सरकली का उठून बसते. पण चूक तं दुरुस्त होते नं सायेब? तुमी लिहा, घर उभं हाये, आत दोन माणसं हायेत, डोळ्यानं पाह्यली. अन् भरवसा नसन तं तवाच्या सायेबाले इचारा, त्यायले घर आठवन, भरीत त्यायनं दोनदा मागून घेतलं होतं. — त्यायची बदली झाली? बरं. अन् तुमी या घरी आज पयल्यांदाच आले म्हणता.

पयल्यांदाच.

मग दारात वाकले कसे?

— नाई, राहू द्या. भरीत काढून ठेवलं होतं तुमच्यासाठी, तेही राहू द्या. जानराव, सायेब निघाले, काठी घ्या जी त्यायच्या पायातून. जा सायेब. दाराचं मी काई सांगत नाई, तुमाले मालूम हाये.